गुण मागण्याआधी प्रश्न ठरवा

मुलांच्या गटांनी केलेल्या प्रयोगांची सादरीकरणं वर्गातल्या बाकीच्या मुलांकडूनच तपासून घ्यायची म्हणताय, तर जरूर घ्या. पण '१० पैकी गुण द्या' एवढंच सांगितलंत तर सगळ्यांना ८-९ पडतील. मैत्री आडवी येतेच. त्यापेक्षा नेमकं विचारा. आलेखाच्या अक्षांवर एककं होती का? प्रयोगात तुलनेसाठी नियंत्रित गट (ज्यावर प्रयोगातला बदल केलेला नाही असा) ठेवला होता का? निष्कर्ष आकड्यांतून निघतो की ओढूनताणून आणलाय? असे ३-४ प्रश्न पुरे. लांबलचक तक्ता मुलं न वाचताच भरतात.

आधी एक नमुना सादरीकरण सगळ्यांकडून तपासून घ्या आणि कुणी ४ दिले, कुणी ८, ते का, यावर बोला. तास वाया गेल्यासारखा वाटेल, पण खरं शिकणं इथेच होतं. सरासरीऐवजी मध्यक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, म्हणजे कुणी रागाने दिलेला १ गटाला बुडवत नाही.

कोणी काम केलं आणि कोण नुसतं उभं राहिलं, हे श्रोत्यांना दिसत नाही. ते गटातल्यांनाच गुपचूप विचारा, त्याचे गुण वेगळे ठेवा. आणि प्रत्येक गुणामागे एक वाक्य कारण लिहायला लावा. 'छान होतं' चालणार नाही, हे आधीच बजावा. लिहिणाऱ्यांची नावं तुम्हाला दिसू देत, गटाला नकोत.