पाणबुडी सिम्युलेशन : बेअरिंग अचूक वाचूनही नेम का चुकतो?

प्रश्न : पेरिस्कोपवर जहाज ०८५ अंशांवर दिसतं. नकाशावर ०८५ ची रेघ ओढली की ती भलत्याच दिशेला जाते. चूक कुठे होते?

उत्तर : पेरिस्कोपवरचे ०८५ अंश तुमच्या पाणबुडीच्या नाकापासून मोजलेले असतात, नकाशावरची रेघ उत्तरेपासून. बेअरिंग म्हणजे जहाज ज्या दिशेला दिसतं तिचा कोन; पहिलं सापेक्ष बेअरिंग, दुसरं ट्रू बेअरिंग. सापेक्ष आकड्यात तुमचं हेडिंग, म्हणजे पाणबुडीचं नाक ज्या दिशेला आहे तो आकडा, मिळवलं की ट्रू बेअरिंग मिळतं. हेडिंग ३१० असेल, तर ३१० + ८५ = ३९५. बेरीज ३६० किंवा त्याहून जास्त झाली की ३६० वजा करायचे, उरले ०३५. रेघ ०३५ चीच ओढायची.

हेडिंग मात्र बेअरिंग वाचलं त्या क्षणी कंपासवर असलेलं घ्या, हुकूम दिलेला कोर्स (जाण्याची दिशा) नको. इथेच निम्मे लोक फसतात. तुम्ही २७० चा हुकूम दिलात, पाणबुडी अजून वळतेय आणि कंपास २५२ वर आहे. अशा वेळी २७० धरून बेरीज केली, तर १८ अंशांची चूक होते. ५,००० मीटरवर ती दीड किलोमीटरहून जास्त भरते. त्यामुळे वळण पूर्ण होईपर्यंत बेअरिंग घेऊच नये हे उत्तम.

एखाद्या खेळातला आकडा सापेक्ष आहे की ट्रू, अशी शंका असेल तर दूरच्या जहाजावर पेरिस्कोप धरून ठेवा आणि पाणबुडी वीसेक अंश वळवा. आकडा जवळपास तेवढाच बदलला तर तो सापेक्ष, फारसा हलला नाही तर ट्रू. पाण्यातले आवाज टिपणाऱ्या हायड्रोफोनचीही अशीच परीक्षा घ्या. दोन्ही उपकरणं एकाच पद्धतीने मोजतात असं गृहीत धरू नका.

प्रश्न : समोरच्या जहाजाचा खरा कोर्स कसा काढायचा? मी दोन बेअरिंग घेऊन रेघ जोडतो, पण वेग नेहमी जास्त येतो.

उत्तर : वेग जास्त येतो याचा अर्थ, दोन्ही रेघा तुम्ही बहुधा एकाच बिंदूतून ओढता. दरम्यान तुमची पाणबुडीही पुढे सरकलेली असते.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. हेडिंग ३१०, वेग ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल). पहिलं वाचन : सापेक्ष ०८५, म्हणजे ट्रू ०३५, अंतर ५,००० मीटर. ३ मिनिटं १५ सेकंदांनी दुसरं वाचन : सापेक्ष ०९८, म्हणजे ट्रू ०४८, अंतर ४,७०० मीटर. एवढ्या वेळात १ नॉटला १०० मीटर कापले जातात, म्हणून हाच कालावधी सोयीचा. तुमची पाणबुडी ३१० च्या दिशेने ४०० मीटर गेली. दुसरी रेघ त्या नव्या जागेवरून ओढा. जहाजाचे दोन ठिपके जोडले की कोर्स साधारण १५५ आणि कापलेलं अंतर ७६० मीटरच्या आसपास येतं, म्हणजे वेग साडेसात नॉटच्या थोडा वर. तीच रेघ जुन्या जागेवरून ओढली असती तर कोर्स १४७ आणि वेग अकरा नॉटच्या पुढे आला असता. टॉर्पेडो जहाजाच्या पुढून निघून जायला एवढं पुरेसं आहे.

तेवढा वेळ पेरिस्कोप वर ठेवणं परवडत नसेल तर दुसरी वाट आहे : जहाजाच्या नाकापासून तुमच्यापर्यंतचा कोन, म्हणजे अँगल ऑन द बो, नजरेने ठरवायचा. ट्रू बेअरिंगमध्ये १८० मिळवा. ही जहाजाकडून तुमच्याकडे येणारी दिशा. जहाजाची उजवी बाजू दिसत असेल तर तो कोन वजा करा, डावी दिसत असेल तर मिळवा. इथे ०३५ + १८० = २१५; उजवी बाजू, कोन ६०, म्हणून कोर्स १५५. बाजू उलटी धरली तर २७५ येईल, म्हणजे थेट १२० अंशांची चूक. पेरिस्कोपात जहाजाचं नाक उजवीकडे असेल तर त्याची उजवी बाजूच दिसते, एवढं पक्कं ठेवा.

नजरेचा अंदाज ९० च्या जवळपास सर्वांत जास्त दगा देतो. ७० अंशांवरही जहाजाची लांबी पूर्ण लांबीच्या ९४ टक्के दिसते आणि ११० वरही तेवढीच. अशा वेळी डोळ्यांपेक्षा नकाशावर भरवसा ठेवा. आणखी एक : जहाजाने कोर्स तसूभर बदलला नाही तरी हा कोन बदलत राहतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वाचनाला ६० होता, दुसऱ्याला ४८ + १८० − १५५ = ७३ झाला. टॉर्पेडोचा नेम काढणाऱ्या गणकयंत्रात जुना ६० तसाच ठेवून नवं बेअरिंग भरलं, तर यंत्राच्या लेखी जहाजाने कोर्सच बदलला.

प्रश्न : हायड्रोफोनवर आवाज एकाच आकड्यावर अडकून बसला आहे. टक्कर होणार का?

उत्तर : तुमचं हेडिंग आणि वेग स्थिर असेल, आकडा हलत नसेल आणि आवाज वाढत असेल, तर होय, तसं धरूनच चला. तुम्ही वळत असाल तर सापेक्ष आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. प्रत्येक वाचनाचं ट्रू बेअरिंग काढा आणि ते सरकतंय का पाहा.

प्रश्न : चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक धरायचा का?

उत्तर : जायरो कंपास (चुंबकाऐवजी वेगाने फिरणाऱ्या चकतीवर चालणारा) खरी उत्तर दाखवतो आणि तो चालू असेपर्यंत हा प्रश्न येत नाही. खेळात चुंबकीय कंपासवर जायची वेळ आली, तर त्यावरच्या आकड्यात पूर्वेकडचा फरक मिळवा, पश्चिमेकडचा वजा करा आणि मगच सापेक्ष बेअरिंगची बेरीज करा.