वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो तेव्हा

प्रश्न : आम्ही घरात ओला आणि सुका कचरा काटेकोरपणे वेगळा ठेवतो, परंतु सकाळी घंटागाडी आली की दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होतात. हा खटाटोप कशासाठी, असे शेजारी विचारतात. शासनाने आणि उद्योगांनी बदल केल्याशिवाय एका घराच्या शिस्तीला काही अर्थ नाही, असे आता मलाही वाटू लागले आहे. ही सवय चालू ठेवावी का? — एक वाचक

उत्तर : सवय अवश्य चालू ठेवावी, मात्र तिचे फळ उंबरठ्याबाहेर ठरते, हे आपले निरीक्षण योग्यच आहे. भाजीची देठे आणि उरलेला भात यांचे उत्तम खत होते, पण त्यात फुटलेली काच आणि प्लॅस्टिक मिसळले की ते खत कोणताही शेतकरी घेत नाही. वरणाने भिजलेल्या कागदाला भंगारवाल्याकडे भाव मिळत नाही. मग हे सारे कचरा डेपोवर जाते, तिथे हवेविना कुजून त्यातून मिथेन वायू निघतो, आगी लागतात आणि झिरपणारे काळे पाणी भोवतालच्या विहिरींत उतरते. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी हे वर्षानुवर्षे सोसले आणि शेवटी त्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. शहराने मिसळलेल्या कचऱ्याची किंमत गावाने मोजावी, हा मला उघड अन्याय वाटतो.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत वेगळा करून देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली, आणि तो वेगळाच उचलून वेगळाच वाहून नेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर. आपण आपली बाजू पाळली असल्याने दुसरी बाजू मागण्याचा आपला अधिकार भक्कम आहे. जो स्वतः मिश्र कचरा देतो, त्याच्या तक्रारीला आरोग्य निरीक्षकासमोर फारसे वजन राहत नाही. आपल्या दोन डब्यांचा आजचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

पुण्यातील कचरावेचकांचे उदाहरण येथे मोलाचे आहे. बहुसंख्येने स्त्रिया असलेल्या या कष्टकऱ्यांनी 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदार कचरा गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हाताळावे लागू नये म्हणून ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असा आग्रह याच स्त्रियांनी धरला. तो ठिपका काढायला घरातल्या माणसाला क्षणभर लागतो, पण त्याची मागणी संघटनेने केली नसती तर ते कोणाला सुचले असते, याची मला शंका वाटते.

आपण आता एकट्याने न लिहिता सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा. स्वतंत्र कप्प्यांची गाडी मिळावी, अशी लेखी मागणी सर्व कुटुंबांच्या सह्यांनिशी क्षेत्रीय कार्यालयात द्यावी, तिची पोच घ्यावी आणि प्रत नगरसेवकालाही द्यावी. जागा असल्यास ओल्या कचऱ्याचे खत आवारातच करावे. ओला कचरा गाडीत गेलाच नाही, तर तो मिसळण्याचा प्रश्नही राहत नाही.

प्रश्न : मी ठिबकवर शेती करतो, पण मी वाचवलेले पाणी शेजारची नवी बोअर ओढून घेते. माझ्या काटकसरीने नेमके कोणाचे भले होते? — एक शेतकरी वाचक

उत्तर : भूजलाला बांध नसतो, त्यामुळे एकट्याची काटकसर येथे खरोखरच अपुरी पडते आणि नियम सर्वांनी मिळून करावा लागतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेच केले. श्रमदानातून पाणलोटाची कामे झालीच, परंतु माझ्या मते गावाचे खरे धैर्य नंतरच्या निर्णयांत आहे : शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, आणि पडलेला पाऊस मोजून कोणती पिके घ्यायची याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडायचा. पाऊस कमी झाला की पिण्याचे पाणी आधी राखून ठेवले जाते आणि पिके त्यानुसार बदलतात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने अधिक खोल जावे, ही शर्यतच तेथे बंद झाली. ठिबक सोडू नका. पाण्याचा हिशेब स्वतःच्या रानात दाखवू शकणाऱ्या माणसाचे ग्रामसभेत ऐकले जाते. पावसाळा संपत आलेला असतो म्हणून 2 ऑक्टोबरची ग्रामसभा या विषयासाठी सोयीची आहे. त्याआधी गावातील विहिरींची पातळी चार-पाच जणांनी मिळून मोजावी आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे परिसरातील निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागाव्यात.