वाचकांचे प्रश्न : कोर्लईचा किल्ला एका दिवसात

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, त्यांचे गुडघे दुखतात, मुलगा ९ वर्षांचा. पुण्याहून कोर्लईचा किल्ला पाहून त्याच दिवशी परत येता येईल का? वर काय पाहावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : येता येईल, पण पहाटे पाचच्या आत निघा. ताम्हिणी उतरून विळे, कोलाड, रोहा, चणेरा, साळाव असं आलात तर अलिबागची गर्दी टळते आणि रेवदंड्याचा पूलही ओलांडावा लागत नाही. साडेचार तास धरा. कोर्लई गावातला रस्ता अरुंद आहे, म्हणून मोठी गाडी अलीकडेच लावा.

दीपगृहामागून पायऱ्या चढतात. धडधाकट माणसाला वीसेक मिनिटं पुरतात, वडिलांना दुप्पट लागतील. खरा त्रास उतरताना होतो, कारण पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. काठी हवीच. दुखायला लागलं तर त्यांनी दीपगृहापाशीच थांबावं. समुद्र तिथूनही उत्तम दिसतो.

माथा म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी सोंड. निजामशाहीने इथं किल्ला बांधायला घेतला, कारण इथल्या तोफांच्या माऱ्यात कुंडलिका नदीचं मुख आणि पलीकडचं पोर्तुगीजांचं रेवदंडा, दोन्ही येत होतं. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला; १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आडव्या भिंती आणि दरवाजे घालून सोंडेचे कप्पे पाडलेत. एक कप्पा पडला तरी पुढचा दरवाजा लावून लढता यावं, ही योजना. मुलाला एकेक दरवाजा ओलांडत न्या, त्याला ती आपोआप कळेल. छप्पर गेलेलं चर्च, पाण्याचं टाकं, तोफा आणि दरवाजांवरचे पोर्तुगीज शिलालेख चुकवू नका. उत्तर टोकाला पाण्यालगतची क्रुसाची बातेरी (तोफा ठेवायचा बुरूज) मात्र वडिलांसोबत नको.

तटाच्या फांजीवर, म्हणजे भिंतीवरच्या चालायच्या वाटेवर, मुलाला धावू देऊ नका. सांध्यांतला चुना झडलाय, झाडांची मुळं आत शिरल्यामुळे वरचे दगड नुसते टेकलेले असतात. टाक्यातलं पाणी पिऊ नका. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या, वर सावली जवळजवळ नाही. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात वाढलेल्या गवतात पायरीच दिसत नाही. डिसेंबर-जानेवारी सर्वांत बरा. पोचल्यावर लगेच चढा, बाराच्या आत खाली या. जेवण गावात किंवा रेवदंड्याला करा आणि अंधारापूर्वी ताम्हिणी चढून जाल अशा बेतानं दोनला परत फिरा.