व्हिंटेज पोर्ट: जुनी की त्या सालची?

प्रश्न असा आला आहे: 'मुलाने पोर्तुगालहून बाटली आणली. तिच्यावर व्हिंटेज २०१७ असं छापलंय. एवढी अलीकडची वाइन व्हिंटेज कशी? मराठीत तिला जुनी पोर्ट म्हणावं का?'

जुनी म्हणू नका. या शब्दाचं मूळ वयात नाही, द्राक्षाच्या मळ्यात आहे. लॅटिनमध्ये 'विनुम' म्हणजे वाइन आणि 'देमेरे' म्हणजे काढून घेणं. त्यांचा जोडशब्द 'विंदेमिया', म्हणजे द्राक्षांची काढणी. पोर्तुगीजमध्ये काढणीला आजही 'विंदिमा' म्हणतात. फ्रेंचवाटे इंग्रजीत जाऊन त्याच शब्दाचं 'व्हिंटेज' झालं. आधी काढणी, मग एका काढणीची वाइन, मग ते साल. चांगल्या सालच्या बाटल्या लोक जपून ठेवत, म्हणून शब्दाला जुनेपणाचा अर्थ चिकटला आणि पुढे तो मोटारींना लागला. आपल्याकडे तो मुख्यतः मोटारींबरोबर आला. म्हणून व्हिंटेज म्हटलं की डोळ्यांपुढे पितळी दिव्यांची गाडी येते, घड येत नाही.

पोर्टमध्ये मात्र पहिला अर्थ शाबूत आहे. दोरू नदीच्या खोऱ्यातली द्राक्षं, आंबणं अर्ध्यावर असताना रसात ओतलेली द्राक्षाचीच कडक दारू, त्यामुळे मागे राहिलेली गोडी: ही पोर्ट. एखादं साल उत्तम उतरलं तर उत्पादक ते 'जाहीर' करतो. दहा वर्षांत साधारण तीनदाच असं घडतं. त्या एकाच सालची वाइन दोन-तीन वर्षांत बाटलीत भरली जाते आणि पुढची कित्येक दशकं बाटलीतच पिकते. २०१७ हे बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केलेलं साल आहे. तुमची बाटली तरुण आहे आणि व्हिंटेजही आहे.

मला सगळ्यात भावते ती पुढची गोष्ट. पोर्तुगीजमध्ये काढणीला आणखी एक शब्द आहे, 'कुल्येता'. तोही पोर्टच्या बाटलीवर दिसतो, पण ती वाइन निराळी: तीही एकाच सालची, मात्र किमान सात वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. दोन्ही शब्दांचा अर्थ काढणीच. परका शब्द बाटलीत पिकणाऱ्या वाइनला मिळाला, घरचा पिंपातल्या वाइनला.

आणि हे पिंप! पोर्ट ज्या लांबट पिंपात मुरते त्याला तिथे 'पिपा' म्हणतात. आपलं पिंप त्याच शब्दावरून आलं आहे. दोरूत एक पिपा म्हणजे ५५० लिटर. आपण त्यात पाणी साठवलं, एवढाच फरक.

घराण्यांच्या शब्दांतही असाच इतिहास सापडतो. पिन्याँव गावाजवळच्या किंता दु नुव्हाल या मळ्याचा उल्लेख १७१५ पासून मिळतो. तिथल्या सर्वांत दुर्मीळ पोर्टचं नाव आहे 'नासियोनाल', म्हणजे राष्ट्रीय. देशाभिमानाची घोषणा वाटते, पण हा शब्द मुळांबद्दल आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने दोरूचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा वाचण्यासाठी अमेरिकी खुंटावर कलमं बांधावी लागली. नुव्हालच्या एका छोट्या तुकड्यातले वेल मात्र विनाकलमी, थेट पोर्तुगालच्या मातीत रुजलेले, म्हणून राष्ट्रीय. नाशिककडच्या बागायतदाराला हे चटकन कळेल. तोही डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतो, फक्त त्याचं कारण कमी पाणी आणि खारवट जमीन असतं. १९३१ साली मंदी होती, १९२७ च्या मालाने कोठारं भरलेली होती, आणि बहुतेक घराण्यांनी साल जाहीर केलंच नाही. नुव्हालने केलं. आज १९३१ ची नुव्हाल नासियोनाल विसाव्या शतकातल्या थोर पोर्टांमध्ये गणली जाते.

गोव्यात पोर्ट वाइन म्हणून मिळणारी गोड लाल वाइन यातली नव्हे. तिने पोर्तुगालमधल्या पोर्तू शहराचं नाव घेतलं आहे, दोरूची द्राक्षं नाहीत.

तेव्हा लिहिताना 'व्हिंटेज पोर्ट' तसंच राहू द्या. बोलताना '२०१७ सालची पोर्ट' म्हणा. आपण गुळाबद्दल, तांदळाबद्दल असंच बोलतो. ही वाइन न गाळता भरतात, म्हणून वर्षं जातील तसा तळाशी गाळ जमतो. बाटली पुष्कळ वर्षं ठेवलीत तर उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवा आणि वरची निवळ हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. इंग्रजीत याला 'डिकँट करणं' म्हणतात. मराठीत 'निवळ काढणं' पुरेसं आहे.