गावाकडचे रस्ते मॅप करताना एवढं बघच

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर, तुझ्या गावाचे रस्ते टाकतोयस हे बघून लय भारी वाटलं. गूगल मॅप्स बघून मात्र काहीच काढू नको, लायसन्समध्ये बसत नाही. सॅटेलाइट इमेज कधीकधी काही मीटर सरकलेली असते, म्हणून आधी बाईकवर फिरून जीपीएस ट्रॅक (फिरलेल्या वाटेची नोंद) घे, इमेज त्याला जुळव, मगच रेषा ओढ.

रस्त्याचा प्रकार निवडताना गावं जोडणारा छोटा डांबरी रस्ता अनक्लासिफाइड, वस्तीतला रेसिडेन्शियल, आणि शेतात जाणारी पाणंद म्हणजे ट्रॅक, इथे चुकू नको आणि सरफेस (रस्ता डांबरी की मातीचा ते) टाकच, कारण काळ्या मातीची पाणंद मे महिन्यात कार आरामात घेते पण जुलैत तिथं ट्रॅक्टरपण रुततो. मी एकदा पाणंद साधा रस्ता म्हणून टाकली होती, भर पावसात पाहुण्यांची गाडी तिथंच फसली, बैल जुंपून काढावी लागली, अजून वाईट वाटतं.

फाट्यावर झूम करून बघ, रेषा नुसत्या एकमेकींवरून गेल्यात आणि नोड (रेषेवरचा बिंदू) सामाईक नसेल तर वाट दाखवणारं ॲप तिथून वळवणारच नाही. ओढ्यावरची फरशी पाण्याखाली जाते का ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, वस्त्यांची नावंपण त्यांच्याकडूनच घे. अडलं तर बिनधास्त मेसेज कर.