'या विषयावर फारसे काम झालेले नाही' असे लिहिण्यापूर्वी

कोल्हापूरच्या रंकाळा तलावातील जलपर्णीपासून कंपोस्ट तयार करण्यावर तुम्ही पीएचडीचा आराखडा लिहीत आहात, डेटाबेसच्या चौकटीत विषयाचे संपूर्ण इंग्रजी शीर्षक टाकल्यावर जेमतेम चार लेख हाती लागतात, आणि त्यावरून 'या विषयावर फारसे काम झालेले नाही' असे लिहिण्यास मार्गदर्शकांची हरकत नाही, असे तुम्ही कळवले आहे. ते वाक्य कृपया इतक्यात लिहू नका. मी ते लिहिले होते, आणि माझे सात महिने त्यात गेले.

माझा विषय गुळाचा होता. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीतील रस तापू लागला की रानभेंडी ठेचून केलेले चिकट पाणी त्यात सोडतात आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. हे पाणी नेमके काय करते, हे मला तपासायचे होते. मी 'जॅगरी' आणि 'ओक्रा' हे दोन शब्द घेऊन बसलो, बहुतेक भारतीयच लेख मिळाले, आणि परदेशात याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहून टाकले. सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी शांतपणे एकच विचारले, "पनेला पाहिलात का?" मला ते एखाद्या लेखकाचे नाव वाटले.

पनेला म्हणजे कोलंबियातील गूळ. ब्राझीलमध्ये त्यालाच रापादुरा म्हणतात, मेक्सिकोत पिलोन्सियो, जपानमध्ये कोकुतो. आणि यंत्रात फिरवून मोलॅसिस (काकवीसारखा पाक) वेगळे न केलेली साखर म्हणून या सर्वांना शास्त्रीय लेखनात 'नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर' असे एकत्रित नाव आहे. कोलंबियात रस निवळण्यासाठी ग्वासिमो, बाल्सो आणि कादिल्यो या वनस्पतींचा चिकट द्रव वापरतात, म्हणजे आपल्या भेंडीचेच काम तिकडे दुसऱ्या झाडांकडून करून घेतले जाते. त्यावरचे लेख होते, त्यांपैकी बरेच स्पॅनिशमध्ये होते, आणि माझ्या दोन शब्दांनी त्यांतला एकही सापडणे शक्य नव्हते. आराखडा परत आला आणि संशोधनाचा प्रश्न मुळापासून नव्याने मांडावा लागला.

तुमच्या बाबतीत हा धोका अधिकच आहे, कारण तुमच्या वनस्पतीचे शास्त्रीय नावच बदललेले आहे. जुने लेख 'आयकॉर्निया क्रॅसिपेस' या नावाने आहेत, अलीकडच्या काहींत 'पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस' असते, आणि कित्येकांच्या शीर्षकात केवळ 'वॉटर हायसिंथ' असते. ही तिन्ही नावे अवतरणचिन्हांत घालून मध्ये 'ऑर' (OR, म्हणजे यांपैकी कोणतेही) टाका व सर्वांभोवती एक कंस करा. कंपोस्ट, व्हर्मिकंपोस्ट आणि त्यांचे जवळचे शब्द दुसऱ्या कंसात घ्या. मग दोन कंस 'अँड'ने (AND, म्हणजे दोन्ही हवेत) जोडा. कंस आळसाने गाळू नका. 'ऑर' आधी सोडवायचे की 'अँड', याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. पबमेड हा वैद्यक व जीवशास्त्राचा डेटाबेस तर सरळ डावीकडून उजवीकडे जाते. 'कंपोस्ट'च्या मुळाशी तारांकन (*) लावल्यास 'कंपोस्टिंग' आणि 'कंपोस्टेड' हेही बहुतेक डेटाबेसमध्ये आपोआप येतात. गूगल स्कॉलरवर मात्र अशा शोधाची भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे: निकाल लाखांत असल्याचे ते सांगते, पण पहिल्या १,००० पलीकडचे दाखवत नाही. एखादा चांगला लेख मिळाल्यावर त्याचा पुढे कोणी संदर्भ घेतला, हे पाहण्यासाठी ते उत्तम आहे.

शब्द सुचत नसतील तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 'अ‍ॅग्रोव्होक' हा बहुभाषिक पर्यायकोश उघडा. तो मला आधी कोणी दाखवला असता तर पनेला प्रकरण घडलेच नसते. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांची संदर्भसूचीही शब्दांसाठी चाळावी. मी ग्रंथपाल नाही आणि माझा अनुभव अन्नरसायनापुरता आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या मार्गदर्शकांचा.

पूर्ण लेख मिळत नाहीत, ही तुमची दुसरी तक्रार. मी ज्या ग्रंथालयात जात असे (नाव घेत नाही), तेथे घरून लॉगिन मिळावे म्हणून तीनदा अर्ज दिला. पहिला गहाळ झाला, दुसऱ्यावर शिक्का नव्हता, आणि तिसरा मंजूर होईपर्यंत वर्गणीची मुदत संपली होती. आता १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी विद्यापीठे व महाविद्यालयांना खुली झाली आहेत, त्यामुळे तुमचे संशोधन केंद्र त्यात आहे का, हे आधी विचारा. खासगी महाविद्यालयाने ते गृहीत धरू नये. एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर भरण्यापेक्षा लेखकाला दोन ओळींची नम्र ईमेल पाठवावी. माझ्या अनुभवात बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. 'लिटरेचर रिव्ह्यू करून देतो' म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. त्यांचे शोधशब्द तुमच्यापेक्षाही कमी असतात.

आणि आजपासून एक वही घाला: तारीख, डेटाबेस, शोधाची ओळ जशी टाकली तशी, आणि निकालांची संख्या. त्या सादरीकरणात दुसरा प्रश्न "शोध कसा घेतलात?" हा होता, आणि तेव्हा माझ्याकडे दाखवायला डाउनलोड केलेल्या फायलींचा एक फोल्डर होता, ज्यात निम्म्या फायलींची नावे नुसते आकडे होते.