ऑनलाइन पोलमधे डबल मतं थांबवायची तर
भाऊ, नुसत्या कुकीवर विसंबू नको. कुकी म्हणजे ब्राउझरमधे ठेवलेली चिठ्ठी, ती पुसली किंवा इन्कॉग्निटो (जुन्या कुकी न वापरणारी खाजगी खिडकी) उघडलं की तोच माणूस परत नवा मतदार. मी जळगावात भरीताचा पोल घेतला तेव्हा एका आयपीवर (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर) एकच मत ठेवलं, अन् अख्ख्या होस्टेलचं वायफाय एकच, पहिल्या पोराचं मत गेलं अन् बाकीचे सगळे बाहेर, फार वाईट वाटलं. बक्षीस असेल तर मोबाइल नंबरवर ओटीपी घे, साध्या पोलला मात्र कुकी पुरे. पण नंबर कशासाठी घेतो ते आधी सांग, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो, अन् निकाल लागला की डिलीट कर. कुकीत फक्त रँडम आकडा टाक, आणि कोणी कोणाला मत दिलं ते नंबरला जोडून ठेवूच नको, गावात लगेच विचारणा होते.